अकरावा सुरुंग

सुरुंगाचे बार मोजणं हे मेटचं काम. टोळीसाठी गावाकडून माणसं आणायची, त्यांची हजेरी, भांडणं, ताप, दारू, सगळं मेटच्याच गळ्यात असतं. पण त्यात चूक झाली तर साहेबाच्या चार शिव्या खाऊन निभावतं. मोजण्यात चूक झाली तर निभावत नाही. खडकाला भोकं किती पाडली आणि बार किती झाले, दोन्ही आकडे जुळले की मेटने शिट्टी मारायची. मग पहारवाले पुढे होतात आणि सुटे झालेले दगड खाली नदीत लोटतात. आकडा एकाने जरी कमी पडला तरी अर्धा तास कोणी जागचं हलायचं नाही. एवढं सोपं काम. आमच्या दुमक्याकडची म्हातारी रोज संध्याकाळी याच हिशेबाने कोंबड्या खुराड्यात घालते.

मला हे भैरोकाकाने शिकवलं. भैरो मरांडी माझ्या आधीचा मेट, आयुष्याची वीस वर्षं लडाखच्या रस्त्यांवर घालवलेला. बार उडायच्या आधी हा माणूस पायातल्या वहाणा काढून खडकावर अनवाणी उभा राहायचा, बर्फ पडत असलं तरी. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसलो होतो.

"हस, हस," तो म्हणाला. "कानाने मोजशील तर एक दिवस रडशील. ह्या दऱ्या नकलाकार आहेत, पोरा. इकडे एक बार झाला की तिकडचा डोंगर दुसरा करून दाखवतो. कान म्हणजे गाढव, कोणीही हाक मारली तरी टवकारतो. खरा बार तळपायाला कळतो. डोंगराच्या नकलेने जमीन हलत नाही."

तेव्हापासून मीही बूट काढून उभा राहायला लागलो. माणसं थट्टा करायची, मेटच्या अंगात देव आला म्हणायची. मेट होऊन मला आठ हंगाम झाले होते आणि आठ हंगामांत माझा आकडा एकदाही चुकला नव्हता. याचा मला गर्व होता. आता सांगायला लाज वाटते, पण होता.

लुखीराम टुडू माझ्या थोरल्या बहिणीचा, मैनोदाईचा नवरा. आमची आयो, आई, गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो, आणि वर्षभराने मैनोदाईचं लग्न झालं तेव्हा मला ठेवायचं कुठे हा प्रश्न आला. ती मला हाताला धरून सासरी घेऊन गेली. नवऱ्या मुलाने बायकोच्या भावाला एक गोऱ्हा द्यायचा असा आमच्यात रिवाज आहे. लुखीरामभावजी जन्मभर त्यावरून मला टोचत राहिले. "गोऱ्हा दिला तो दिला, वर भाऊही माझ्याच दावणीला बांधला. सोसवेना म्हणून गोऱ्हा मेला, हा मेला नाही." असं म्हणत म्हणत त्यांनी मला नांगर धरायला शिकवलं, पोहायला शिकवलं, माझं लग्न लावून दिलं. अठ्ठावीस वर्षांत हा माणूस माझ्याशी एक वाक्य सरळ बोलला नाही आणि एकदाही वाकडा वागला नाही.

शिकारीपाड्याच्या दगडखाणीत ते पहारवाले होते. खडकाकडे नुसतं पाहून तो कुठे सुटेल हे सांगणारा माणूस. खाण बंद पडली आणि ते घरी बसले. मी त्यांच्या मागे लागलो. आता कोणी विचारलं तर मी सांगतो की त्यांचा रिकामपणा मला बघवेना. ते अर्धंच खरं आहे. चांगला पहारवाला टोळीत असला की साहेबलोकांत मेटचा भाव वाढतो, हे उरलेलं अर्धं.

मैनोदाई कबूल होईना. "त्यांचं वय बघ. तुझ्या त्या डोंगरावर श्वास घ्यायलासुद्धा ताकद लागते म्हणतोस."

"एकच हंगाम, दाई. मी आहे ना."

"तू आहेस म्हणूनच भीती वाटते," ती म्हणाली, आणि मग हसली. शेवटी तिने अट घातली. "सोहरायच्या सणाआधी माणूस परत आण. नेतोस तसा आण. मला बाकी काही नको."

मी हो म्हटलं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. आमच्या कुसुमडीहमधून त्या वर्षी आम्ही दोघंच गेलो, टोळीतले बाकीचे पाकुडकडचे होते.

भावजी तिथे रुळले. पहिले आठ दिवस डोकं धरून पडून होते, मग उठले आणि चालू झाले. म्हणायचे, "देवाने इथे हवासुद्धा रेशनवर दिलीय. महिनाअखेर असेल आपण आलो तेव्हा." पाकुडची पोरं त्यांच्यावर खूष असायची. उन्हाळाभर आम्ही नदीच्या काठाकाठाने रस्ता रुंद करत वर सरकत होतो आणि ऑक्टोबर लागला तेव्हा फक्त एक वळण उरलं होतं. तिथे डोंगराचं नाक नदीवर पुढे आलं होतं. जीप वळायची, लांब ट्रक वळत नव्हता. पुढे सीमेवरची ठाणी होती आणि त्यांचा हिवाळ्याचा माल त्या नाकाच्या अलीकडे अडकून पडला होता.

त्याच आठवड्यात मेटलोकांना नवे बूट आले. फक्त मेटलोकांना. गुडघ्यापर्यंतचे, आत लोकरीचा जाड नमदा, तळाला दोन बोटं जाड रबर, आणि नाड्या पोटरीला तीन वेढे घालून बांधायच्या. माझे जुने कॅनव्हासचे बूट फाटून त्यांचा तळ कागदाएवढा उरला होता. मी नवे घातले आणि तंबूतून बाहेर आलो.

"आला बघा नवरदेव!" भावजी ओरडले. "पायाला दोन रेडकं बांधून आला."

"भावजी, जळू नका."

"जळायला इथे हवा पुरते होय?"

सगळी टोळी हसली. मीही हसलो. बूट फार उबदार होते, पाच महिन्यांत पहिल्यांदा मला माझी बोटं आहेत असं वाटलं.

त्या सकाळी नाकावर अकरा भोकं पाडली होती. स्टान्झिन, तिथलाच लडाखी, सुरुंगाचा परवाना त्याच्या नावावर. त्याने भोकं भरली, वाती कमीजास्त लांबीच्या कापल्या म्हणजे बार एकामागून एक उडतील, आणि माझ्याकडे पाहून दोन्ही हातांची बोटं दाखवली आणि वर एक. मागे ऐंशी ट्रक रांगेत उभे होते. ड्रायव्हर खाली उतरून शेकत होते, मधूनच कोणीतरी हॉर्न वाजवत होता. आमचे इंजिनियर जामवाल साहेब सकाळपासून तिसऱ्यांदा माझ्याकडे आले.

"चांदराय, दुपारपर्यंत वळण मोकळं पाहिजे. पुढच्या ठाण्यांवर आठवड्याचंच रॉकेल उरलंय. उद्या बर्फ सांगितलंय. बर्फ पडलं तर ठाण्यांवरची पोरं तिथे वर गारठून मरतील आणि आपण इथे बूट बघत बसू."

"होऊन जाईल साहेब."

माणसं रस्त्याखालच्या मोरीत आणि डोझरच्या मागे गेली. स्टान्झिनने वाती पेटवल्या आणि पळत आला. मी खडकाच्या आडोशाला माझ्या नेहमीच्या जागी उभा राहिलो आणि बूट काढायला वाकलो. एक गाठ सोडली. दुसरी निसटेना, बोटं थंडीने लाकूड झाली होती. पायात ऊब होती. मागे हॉर्न वाजत होता. म्हटलं, जाऊ दे, आठ वर्षं झाली, आता काय कानाला कळत नाही?

पहिला बार झाला. मग दुसरा. नऊपर्यंत अगदी स्वच्छ आले. दहावा झाला. मग किंचित डावीकडून, किंचित उशिरा, अकरावा.

तो आवाज पोकळ होता. मनात पाल चुकचुकली. नाही चुकचुकली म्हणालो तर ते खोटं होईल, आणि ह्या गोष्टीत खोटं आधीच पुष्कळ झालंय. मी तळपायाला विचारलं, पण तळपाय नमद्यात झोपला होता.

भावजी पहार खांद्यावर टाकून माझ्याजवळ आले. पुढे जाणारे पहिले नेहमी तेच. "झाले का रे अकरा?"

"झाले."

"नक्की?"

आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "नक्की की काय? मैनोदाईला विचारून येऊ का?"

ते हसले. "तिला विचारलंस तर ती दहाच म्हणेल, एक माझ्यासाठी राखून ठेवेल," असं म्हणून ते वर चढायला लागले. मी शिट्टी मारली. बाकीचे पहारवाले मोरीतून निघून त्यांच्या मागे येत होते, पण ते पाकुडचे, आरामात येत होते. भावजी एकटेच वर पोचले. त्यांनी खडकाकडे नजर टाकली, एका फटीत पहार घातली, आणि तेव्हा बारावा आवाज झाला. तो मात्र बुटातूनही कळला.

मी त्यांच्याजवळ पहिला पोचलो. काय दिसलं ते मी कुणाला सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही.

स्टान्झिन डोक्यावर हात मारून घेत होता. "जुन्या भोकात काहीतरी उरलं असेल," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "मागच्या आठवड्यातलं. माझे अकरा उडाले, तूच शिट्टी मारलीस ना? अकरा उडाले ना, मेट?"

मी मान हलवली. मुंडी हलवायला काय लागतं? तेवढ्या एका मानेवर सगळी पुढची गोष्ट उभी आहे.

जामवाल साहेब वाईट माणूस नव्हता. त्याने टोपी काढली. मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "हे बघ, मी दगड कोसळला असं लिहितो. सुरुंग लिहिलं तर चौकशी लागेल. स्टान्झिनचा परवाना जाईल, तुझी मेटगिरी जाईल, चौकशी होईपर्यंत रस्ता बंद राहील. दगड तर पडतातच. कोण विचारतो दगडाला?"

"साहेब, मी..."

"तू काही बोलू नकोस. तू आत्ता बोलण्याच्या स्थितीत नाहीस."

त्याने कागद जीपच्या बॉनेटवर ठेवला आणि मी सही केली. माझा हात दगडाखाली होता हे खरं, पण कुणी दाबून धरला नव्हता. मी बोलू शकलो असतो. साहेब, माझे बूट होते पायात, एवढं एकच वाक्य होतं. ते मी गिळलं, आणि त्याच वेळी मला वाटलं की सुटलो. त्या वाटण्याची मला आजही किळस येते.

दुपारी डोझरने नाकाचा मलबा नदीत ढकलला. वळण मोकळं झालं. ऐंशी ट्रक एकामागून एक त्या जागेवरून गेले. आत बसलेल्या पोरांनी आम्हाला हात केले. आम्हीही केले, सवय असते.

भावजींना गावी न्यायचं मी बोललो, पण घाट त्याच रात्री बंद होणार होता. सरपणाला त्या मुलखात काडी मिळत नाही. साहेबाने डांबराच्या बॉयलरची लाकडं दिली, वर थोडं डिझेल दिलं. लाकडं डांबराने माखलेली होती आणि तरी ती नीट पेटत नव्हती, हवाच नाही तर आग काय खाणार? पाकुडच्या पोरांनी टायर आणून टाकला. माझ्या भावजींना आम्ही टायरवर जाळलं. मुलाच्या हातून मिळायचा असतो तो अग्नी माझ्या हातून मिळाला, म्हणजे ज्याच्या हातून मिळू नये त्याच्याच.

सकाळी मी राखेतून कपाळाचा एक तुकडा आणि गळ्याच्या हाडाचा एक तुकडा उचलला. ही दोन हाडं दामोदर नदीत सोडली की आमचा माणूस पूर्वजांत जातो, नाहीतर भटकत राहतो. हाडं दुधाने आणि हळदीने धुवायची असतात. पावडरचं दूध कालवलं, मेसमधून हळद मागून आणली. नवं मडकं पाहिजे. तिथे मडकं कुठलं? दूधपावडरचाच एक रिकामा डबा घेतला, त्याचं झाकण घट्ट बसत होतं.

दोन दिवसांनी घाट थोडा वेळ उघडला, तेवढ्यात निघालो आणि तो डबा मांडीवर घेऊन मी सहा दिवस प्रवास केला. दिल्लीच्या पुढे गाडीत एका बाईने विचारलं, "गावाकडे तूप नेताय वाटतं?" मी हो म्हणालो. घरचंच आहे का, तिने विचारलं. मी त्यालाही हो म्हणालो.

गावात फोन आधीच गेला होता. दगड पडला, हे सगळ्यांना माहीत होतं. मी पोचलो तेव्हा मैनोदाई अंगणात होती. सोहरायसाठी भिंती सारवायला घेतल्या होत्या, अर्धी भिंत लाल माती लावलेली आणि अर्धी तशीच राहिलेली. तिने मला पाहिलं, डब्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता म्हणेल, नेलास तसा आण म्हटलं होतं ना? तिने तांब्यात पाणी आणून माझ्यासमोर ठेवलं, पाहुण्याला ठेवतात तसं, आणि माझे पाय धुवायला बसली.

"दाई, नको."

"बस गप. किती फुटलेत पाय."

मग तिने खाली पाहतच विचारलं, "शेवटचं काय बोलले?"

मी म्हणालो, "तुझं नाव निघालं होतं."

हे खरं होतं. ती माझे पाय तसेच हातात धरून रडली, आणि त्या रडण्यात कुठेतरी तिला बरं वाटल्याचं मला कळत होतं. मला तिथल्या तिथे मरावंसं वाटलं.

आमच्यात माणूस गेला की पाचव्या दिवशी तेलनहाण असतं, परमुलखात मेला तर हाडं घरी आल्यापासून मोजतात. सगळा गाव तळ्यावर जाऊन तेल लावून अंघोळ करतो, पुरुष हजामत करतात, मग घरी येऊन तिघंजण झाडलेल्या अंगणात बसतात. एकाच्या अंगात आमचा थोरला देव मारांग बुरू येतो, एकाच्या अंगात आमचा पहिला पूर्वज, आणि तिसऱ्याच्या अंगात मेलेला माणूस. गावचा मांझी, म्हणजे मुखिया, त्याला विचारतो, कशाने गेलास? कोणाचा हात होता? आणि तो सांगतो. सगळ्या गावासमोर, बायकोसमोर सांगतो.

भावजी गेले त्या जागी मी उभा होतो तेव्हापासून मला ह्या दिवसाची धास्ती होती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, माझ्या मनात तर लख्ख ऊन पडलं होतं. ते येणार आणि सांगणार, ह्या गाढवाने बूट काढले नाहीत. गाव मला काय करेल, मैनोदाई काय करेल, हजार वेळा मनात पाहिलं होतं. आणि एक दिवस गाडीत बसल्याबसल्या कळलं की ही नुसती धास्ती नाही, मी वाटही पाहतोय. माझ्याने बोलवत नव्हतं. ते बोलणार होते. ते बोलले की मैनोदाई मला मारेल, थुंकेल, दारातून हाकलेल, आणि मग निदान जे आहे ते असेल. लहानपणी मी काही फोडलं तोडलं की भावजीच तिला जाऊन सांगायचे, "तुझ्या लाडक्या भावाने काय केलं बघ," आणि सांगून झालं की मला पाठीशी घालायचे. मला तेच पाहिजे होतं.

दुपारी तिघं बसले. भावजींसाठी मातला बेसरा बसला होता, शेजारचा, साधा, भला माणूस. ढोल वाजायला लागला. मातलाची मान आधी हळू, मग जोरात हलायला लागली. अंगाला कंप सुटला, डोळे वर गेले. मैनोदाई दारात उभी होती, पदर तोंडात धरून.

मांझीने विचारलं, "कोण आलंय?"

"मी. ह्या घरचा," मातला म्हणाला. आवाज घोगरा होता, भावजींचा असायचा तसा.

"कशाने गेलास बाबा? देवाचा हात, भुताचा हात, की माणसाचा?"

मी मातलाच्या समोर जाऊन बसलो, अगदी समोर, म्हणजे माझं नाव घ्यायला त्यांना मान वळवायला लागू नये.

"कोणाचा हात नव्हता," मातला म्हणाला. "दिवस भरला होता. वरून दगड आला आणि मी गेलो. चांदरायला कोणी बोल लावू नका. त्याने मला सख्ख्या बापासारखं सांभाळलं. मला पाणी द्या. फार लांबून आलोय."

बायकांनी हुंदके दिले. मांझीने सुटकेचा श्वास सोडला. मैनोदाई पुढे आली, सालाच्या पानाचा द्रोण भरून तिने पाणी दिलं, मग तांदळाची दारू, हंडिया दिली. मातला घटाघट प्यायला. ती त्याच्या पायांवर डोकं ठेवून म्हणाली, "आलात. बरं झालं आलात." नंतर सगळ्या गावाने माझ्या पाठीवरून हात फिरवला.

आणि मी गार पडलो होतो, कारण ते भावजी नव्हते.

दगड आला म्हणे! दगड तर आलाच नव्हता. दगड जामवाल साहेबाच्या कागदावर आला होता, तिथून फोनवर, फोनवरून गावात, आणि गावातून मातलाच्या तोंडात. मेलेल्या माणसाला आपण कशाने मेलो एवढं कळत नसेल का? आणि चांदरायने सांभाळलं! भावजी असते तर म्हणाले असते, त्या रेडकं बांधलेल्या नवरदेवाला विचारा. शिवी दिली असती. मी त्या एका शिवीसाठी सहा दिवस डबा मांडीवर घेऊन आलो होतो.

मातलावर मी चिडलो नाही. त्याला वाटलं असेल तसं तो बोलला, किंवा आम्हा सगळ्यांची दया आली असेल. पण मग भावजी कुठे होते? टायरवर अर्धवट जाळलेला, डांबराच्या धुरात सोडलेला, घाट पुन्हा बंद झालेला, पलीकडून यायला वाट नसलेला माणूस कुठे जाईल? मला दिसलं ते असं: त्या वळणावर बर्फ पडतंय, ते पहार घेऊन उभे आहेत आणि त्यांच्या अंगावरून ट्रक जाताहेत. मला ते दिसायचं थांबलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मैनोदाई अंगणात द्रोण टोचत बसली होती. दामोदरला निघायचं होतं, त्याची शिदोरी तिने बांधून ठेवली होती. तिचा चेहरा पंधरा दिवसांत पहिल्यांदा मोकळा दिसत होता. भात रटरटत होता. मी तिच्यासमोर बसलो आणि एका दमात बोललो.

"दाई, दगड नव्हता. सुरुंग होता. अकरापैकी दहाच उडाले होते, मी चुकीचे मोजले. बूट काढायचे असतात, मी काढले नाहीत, थंडी होती म्हणून. त्यांनी मला विचारलं होतं, नक्की का. मी थट्टा केली. मी शिट्टी मारली म्हणून ते वर गेले."

तिचा हात थांबला. पानात टोचलेली काडी तशीच राहिली.

"काय बोलतोस बाबू?"

"मी मारलं त्यांना."

मी मान खाली घातली आणि वाट पाहिली. हात उचलेल, चुलीतलं लाकूड उचलेल, काहीही उचलेल.

"मग काल कोण आलं होतं?" तिने विचारलं.

मी वर पाहिलं. ती रागावली नव्हती, घाबरली होती. लहान पोर अंधारात घाबरतं तशी. तिचे ओठ हलत होते.

"काल ते आले होते ना? म्हणाले ना, कोणाचा हात नव्हता? माझ्या हातचं पाणी प्यायले ना? तू म्हणतोस ते खरं असेल तर काल आले ते कोण होते? सांग ना, बाबू. मग ते कुठे आहेत?"

चुलीवरचा भात उतू गेला, तिचं तिकडे लक्ष नव्हतं. ती माझं मनगट धरून बसली होती.

मी म्हणालो, "तेच होते दाई. भावजीच होते. माझं डोकं फिरलंय तिथल्या हवेने. ते म्हणाले तेच खरं."

"दगड होता?"

"दगड होता."

तिने माझं मनगट सोडलं, पदराने डोळे पुसले, भात उतरवला. मग पानात भात वाढून माझ्यापुढे ठेवला.

"असलं पुन्हा बोलू नकोस," ती म्हणाली. "त्यांना ऐकू जातं. जेव आता."

मी जेवलो.